बर्फाचं पिंप आणि हातावरचे घट्टे: मुद्दाम सोसल्याने माणूस काटक होतो का?

गेल्या जानेवारीत भाच्याने गच्चीवर एक निळं पिंप आणून ठेवलं. आमच्या सोसायटीत दर उन्हाळ्यात टँकर येतात, त्यामुळे पोरगं यंदा वेळेआधीच शहाणं झालं असं मला वाटलं. रविवारी सकाळी साडेसहाला बर्फवाला गोणपाटात गुंडाळलेली लादी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा उलगडा झाला. मोबाईलवर व्हिडिओ पाहून साहेब 'आइस बाथ' घेणार होते. लादी फोडायला खलबत्त्यातला बत्ता घेतला. पाणी मोजायला आधी तापाचा थर्मामीटर आणला, पण तो ३२ अंशांच्या खाली काही दाखवत नाही, नुसता 'लो' म्हणतो. मग शेजारच्यांच्या फिशटँकमधला काचेचा थर्मामीटर मागून आणला. ११ अंश.

भाचा पिंपात उतरला, तोंडातून 'हाऽऽ' असा आवाज निघाला आणि नऊ सेकंदांत तो बाहेर होता.

ब्याऐंशी वर्षांची माझी आई शाल लपेटून हे सगळं बघत होती. "अरे, पैसे देऊन थंडी विकत घेतलीस?" ती म्हणाली. "आमच्याकडे फुकट होती. बंबातलं कढत पाणी आधी पुरुषमाणसांना. आम्हा सुनांची पाळी येईपर्यंत बंब विझलेला."

"पण आजी, म्हणूनच तुझी पिढी एवढी स्ट्राँग आहे," भाचा दात वाजवत म्हणाला.

गार पाण्याची आंघोळ, लांबलचक उपास, अनवाणी चालणं, उन्हात पळणं, जमिनीवर झोपणं. आपणहून अंगाला त्रास दिला की माणूस आतून कणखर होतो, असं सध्या जो तो सांगतोय. यात शास्त्र किती आणि हवा किती, ते जरा मुळापासून बघू.

फोड आणि घट्टा

ज्याने कधी कुदळ धरली नाही त्याला दिवसभर खणायला लावा, संध्याकाळी तळहातावर फोड येतात. त्याच माणसाने रोज अर्धा तास खणलं तर महिन्या-दीड महिन्यात त्याच जागी घट्टा पडतो. कुदळ तीच, दांडा तोच, घासणंही तेच. फोड म्हणजे कातडीची हार आणि घट्टा म्हणजे कातडीने केलेली तयारी. फरक पडतो तो दोन घासण्यांच्या मध्ये कातडीला वेळ मिळाला की नाही, याने.

शरीराचा जवळजवळ प्रत्येक भाग असाच वागतो. थोडा त्रास झाला की शरीर नुसती डागडुजी करून थांबत नाही, पुढच्या वेळेसाठी थोडं जास्तीचं बांधून ठेवतं. या प्रकाराला शास्त्रात 'हॉर्मेसिस' म्हणतात: जी गोष्ट मोठ्या मात्रेत मारते, तीच अगदी लहान मात्रेत बळ देते. हा शब्द १९४३ साली दोन अमेरिकी संशोधकांनी वापरात आणला. देवदारासारख्या एका झाडाचा अर्क ते लाकूड कुजवणाऱ्या बुरशीवर टाकून बघत होते. दाट अर्काने बुरशीची वाढ थांबायची, पण फारच पातळ केला तर ती उलट जोमाने वाढायची.

उलट बाजूही खरी आहे. त्रासच झाला नाही तर शरीर असलेलंही मोडून खातं. अंतराळात वजन जाणवत नाही, म्हणून हाडांवर भार पडत नाही, आणि अंतराळवीरांच्या कंबर-मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते. तिथे रोज दोनेक तास व्यायाम करणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे.

ज्यांच्या घरी टोमॅटो-मिरचीची रोपवाटिका आहे त्यांना हे सांगायला नको. शेडनेटच्या सावलीत लाडात वाढलेलं रोप थेट रानात लावलं तर दुपारपर्यंत मान टाकतं. म्हणून लागवडीआधी काही दिवस त्याचं पाणी कमी करतात, थोडं ऊन दाखवतात. रोप काटक होतं. पाणी कमी करायचं, तोडायचं नाही. ज्याने तोडलं त्याची रोपं रानात जायच्या आधीच उकिरड्यावर जातात.

आणखी एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. व्यायाम केला की शरीरात ऑक्सिजनपासून काही जहाल रसायनं तयार होतात आणि ती पेशींना थोडी इजा करतात. मग ती मारायला व्यायामासोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या तर? जर्मनीतल्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उलटंच दिसलं. महिनाभर नुसता व्यायाम केलेल्यांच्या शरीरात इन्सुलिन जास्त चांगलं काम करू लागलं, आणि ज्यांनी जोडीला या गोळ्यांचे मोठे डोस घेतले त्यांना तो फायदा मिळालाच नाही. ती छोटीशी इजा हाच शरीराला जाणारा निरोप होता आणि गोळ्यांनी तो वाटेतच पुसला.

पिंपात उतरल्यावर नेमकं होतं काय

भाचा नऊ सेकंदांत का पळाला? तो भित्रा आहे म्हणून नव्हे. गार पाणी अंगाला लागल्याबरोबर कातडीतल्या थंडी ओळखणाऱ्या नसा एकदम बोंब मारतात. त्यावर एक जोराचा श्वास आपोआप आत ओढला जातो, मग धाप लागते, नाडी उडते, रक्तदाब चढतो. याला थंडीचा धक्का म्हणू. त्याचा जोर पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यात जास्त असतो आणि दोन-तीन मिनिटांत तो ओसरतो. थंड नदीत किंवा तळ्यात पडलेली, पोहता येणारी माणसंसुद्धा बुडतात, त्यातले कित्येक जण गारठून मरतच नाहीत. तो पहिला न आवरणारा श्वास पाण्याखाली घेतला जातो, तिथेच सगळं संपतं.

या धक्क्याची एक चांगली गोष्ट म्हणजे तो फार लवकर अंगवळणी पडतो. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात माइक टिप्टन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा बुड्या वेगवेगळ्या दिवशी घेतल्या की धक्क्याचा जोर साधारण निम्म्यावर येतो, आणि ही सवय काही अंशी पुढे कित्येक महिने टिकते. पाच-सहा वेळाच. जिमची वर्षाची फी भरायचीही गरज नाही.

दुसरं काम रसायनांचं. प्राग शहरातल्या एका अभ्यासात माणसांना १४ अंशांच्या पाण्यात मानेपर्यंत तासभर बसवलं. नॉरॲड्रिनलिन, म्हणजे शरीराला खडबडून जागं करणारं रसायन, रक्तात ५३० टक्क्यांनी वाढलं आणि हुरूप देणारं डोपामिन २५० टक्क्यांनी. व्हिडिओवाले हे आकडे छाती ठोकून सांगतात, 'तासभर' हा शब्द मात्र गाळतात. तरीही गार पाण्यातून बाहेर आल्यावर जी तरतरी वाटते ती मनाचा खेळ नाही, एवढं यातून कळतं.

समुद्रात पोहणारे लोक हाच सराव पद्धतशीर करतात. इंग्लिश खाडी पोहायची तर आधी १६ अंश किंवा त्याहून गार पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावं लागतं, आणि तेही साध्या पोहण्याच्या कपड्यांत. मुंबईचा समुद्र भर थंडीतही त्यापेक्षा कितीतरी उबदार असतो. धरमतर ते गेटवे पोहून तयार झालेल्या आपल्या जलतरणपटूंना दमाची अडचण नसते, अडचण असते गारठ्याची. जगातल्या सात अवघड खाड्या पोहून पूर्ण करणारा पुण्याचा रोहन मोरे हा पहिला भारतीय. त्यातल्या काही खाड्यांत पाणी १२-१३ अंशांच्या आसपास असतं. इतक्या गार पाण्यात एका रविवारात कोणी उतरत नाही.

थंडी सोसली म्हणून साहेबाची बोलणी सोसतील का?

इथवर सगळं शरीराचं झालं. खरा दावा त्याच्या पुढचा आहे: गार पाण्यात टिकायला शिकलेलं मन नोकरी गेल्यावर, भांडणात, आजारपणातही टिकतं. हे खरं का?

सरळ हो म्हणता येईल इतका पुरावा नाही. पण काही धागे आहेत. पोर्ट्समथच्याच एका प्रयोगात थंड पाण्याला सरावलेल्या माणसांना विरळ हवेत व्यायाम करायला लावला, तेव्हा त्यांच्या शरीराची घबराट आधीपेक्षा कमी झाली. म्हणजे एका त्रासाचा सराव दुसऱ्या त्रासात थोडा उपयोगी पडला. अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये लहान माकडांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, तासभर आईपासून दूर ठेवलं. ती पिल्लं पुढे नव्या जागी कमी बिचकली, जास्त धीट निघाली. आठवड्यातून एक तास. बाकीचा सगळा वेळ आईच्या कुशीत.

सगळ्यात महत्त्वाचा धागा मात्र जुना आहे आणि ऐकायला त्रासदायक आहे. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. (आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे.) जोडीतल्या एका कुत्र्यासमोर फळी होती, ती डोक्याने दाबली की झटका थांबायचा. दुसऱ्याच्या हातात काहीच नव्हतं. पहिल्याने फळी दाबली की त्याचाही झटका थांबायचा. म्हणजे दोघांना झटके अगदी सारखेच, तेवढेच आणि तितकाच वेळ. नंतर दोघांना अशा पेटीत ठेवलं जिथे बुटक्या भिंतीवरून उडी मारली की सुटका. फळीवाले कुत्रे उड्या मारून मोकळे झाले. दुसऱ्या गटातले बरेचसे खाली बसून कण्हत राहिले. सुटकेचा रस्ता समोर होता, त्यांनी प्रयत्नच केला नाही.

झटके दोघांना सारखेच होते. दोघांत जो फरक पडला तो फळीमुळे. सुटका नसलेल्या त्रासातून प्राणी लाचार व्हायला शिकतो, असं तेव्हा त्यांनी म्हटलं. पन्नास वर्षांनी याच दोघांनी मेंदूवरचं नंतरचं काम तपासून आपलाच निष्कर्ष उलटा केला: लाचार होणं प्राणी शिकत नाही, लांबलेल्या त्रासात गळून जाणं हा मेंदूचा मूळ स्वभावच आहे. शिकावं लागतं ते 'हे माझ्या हातात आहे' हे. कपाळामागचा मेंदूचा भाग ते शिकतो, आणि एकदा शिकला की पुढच्या संकटात घबराटीला आवर घालतो.

म्हणजे बादलीभर गार पाणी अंगावर ओतताना मेंदूने जर काही शिकायचंच असेल, तर ते पाण्याबद्दल नसतं. छातीत धडधडतंय, श्वास अडकतोय, तरी तांब्या माझ्याच हातात आहे आणि अर्ध्या मिनिटात हे निवळतं, एवढंच ते आहे.

नेदरलँड्समधला एक अभ्यासही इथे आठवतो. तीन हजारांवर माणसांपैकी काहींना महिनाभर रोजच्या गरम आंघोळीच्या शेवटी ३०, ६० किंवा ९० सेकंद गार पाणी घ्यायला सांगितलं, काहींना नाही. गारवाल्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी भरल्या. गंमत पुढे आहे: आजारी पडल्याचे दिवस मात्र दोन्हीकडे जवळपास सारखेच. सर्दी तेवढीच झाली, पण ही मंडळी नाक पुसत कामावर गेली. याला कणखरपणा म्हणायचं की शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं दुर्दैव, ते तुम्ही ठरवा. तीस सेकंदवाले आणि नव्वद सेकंदवाले यांच्यात काही फरक दिसला नाही, हे मला त्याहून कामाचं वाटतं.

मग ऊसतोड कामगार सगळ्यात कणखर का नाहीत?

हा आक्षेप कोणीही घेईल आणि घ्यायलाच हवा. सोसण्याने माणूस घडत असता तर बीडच्या ऊसतोड मजुरापेक्षा निरोगी माणूस महाराष्ट्रात सापडला नसता. पहाटेच्या कडाक्यात फडात उतरायचं, दिवसभर कोयता चालवायचा, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या, रात्री पाचटाच्या खोपीत झोपायचं. थंडी, ऊन, उपास, मेहनत, सगळं आहे. व्हिडिओतला पूर्ण कार्यक्रम.

पण हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशेबात 'एक कोयता'. ताप आला, पाळी आली, पोर आजारी पडलं म्हणून एक दिवस काम चुकलं तर तो 'खाडा', आणि खाड्याचे पैसे कापले जातात. विसाव्यावरच दंड आहे. फोडाचा घट्टा व्हायला मधला वेळ लागतो म्हटलं ना, तो वेळच इथे विकला गेलेला आहे. आणि समोर फळीही नाही.

असं वर्षानुवर्षं चाललं की काय होतं ते मध्य अमेरिकेत दिसलं. निकाराग्वा आणि एल साल्वादोरच्या ऊसपट्ट्यात तरणीताठी माणसं मूत्रपिंडं निकामी होऊन मरू लागली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. कडक उन्हात, पुरेशा पाण्याविना, न थांबता केलेलं काम हे त्याचं मुख्य कारण मानलं जातं. तिथे मजुरांना ठरावीक विश्रांती, सावली आणि पाणी देणं सुरू केलं, तेव्हा मूत्रपिंडाची इजा घटली. ऊस तोडणं बंद केलं नव्हतं.

उन्हाचं अंगवळणी पडणंही असंच मोजून मापून होतं. साधारण एक ते दोन आठवड्यांत शरीर घाम लवकर गाळायला लागतं, घामातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. म्हणून अमेरिकेत नव्या मजुराला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या २० टक्केच वेळ उन्हात ठेवा आणि रोज २० टक्क्यांनी वाढवा असा सरकारी सल्ला आहे. तिथे उष्माघाताने कामावर दगावणाऱ्यांत निम्म्याहून अधिक जण पहिल्या काही दिवसांतलेच असतात. आपल्याकडे नाक्यावरून उचललेला मजूर पहिल्याच दिवशी भर मेमध्ये स्लॅबवर चढतो.

'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण आपण पोरांना ऐकवतो. म्हण देखणी आहे, पण ती दगडाची आहे. दगडाला रात्रीची झोप लागत नाही, जखम भरावी लागत नाही, आणि टाकी कोणाच्या हातात आहे याने त्याला फरक पडत नाही. पोराला पडतो. शाळेत मार खाऊन आम्ही घडलो असं सांगणारे जे न घडता राहिले त्यांच्याबद्दल काही बोलत नाहीत.

"हे तर आपल्याकडे होतंच की"

होतं, आणि बरंच समजून-उमजून होतं. कार्तिकस्नान घ्या. अंधारात उठून गार पाण्याने आंघोळ, पण महिनाभर, आणि तीही थंडी चढत जाते तशी. नवरात्रातलं अनवाणी चालणं किंवा गादी सोडून चटईवर झोपणं नऊ दिवसांचं. एकादशी पंधरा दिवसांतून एकदा. (साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या कापा आणि वर शिंगाड्याचा शिरा असा उपास करणाऱ्यांचा या लेखाशी संबंध नाही. मीही त्यांतलाच.) प्रत्येकाला सुरुवात आहे, शेवट आहे आणि मध्ये भरपूर मोकळे दिवस आहेत.

वारीत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. आळंदी ते पंढरपूर अडीचशेच्या आसपास किलोमीटर, पावसापाण्यात, तीन आठवडे. पण पालखीच्या वेळापत्रकात 'विसावा' हा शब्द छापलेला असतो. सकाळचा विसावा, दुपारचा विसावा, मग मुक्काम. पुण्यात पालखी दोन दिवस थांबते आणि मगच दिवे घाट चढायला निघते. त्या दोन दिवसांत शहरात कोणी वारकऱ्यांचे पाय तेल लावून चेपून देतं, कोणी फुकट चपला शिवून देतं. फोडांवर औषध लावून घेणारी एक साठीची बाई मी पाहिली आहे. डॉक्टर म्हणाले, "मावशी, दोन दिवस चालू नका." त्या म्हणाल्या, "दोनच दिवस ना? मुक्काम आहेच." तिला कोणी पाठवलेलं नव्हतं आणि परत जायला एसटी होती.

म्हणून जुनं ते सगळं सोनं असंही नाही. व्रत स्वतः धरलेलं असेल तर वेगळं, घरच्यांनी सुनेच्या गळ्यात घातलेलं असेल तर वेगळं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

करायचंच असेल तर

बर्फ लागत नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पुरेसं गार असतं. गरम आंघोळीच्या शेवटी पाय, हात, मग पाठ अशा क्रमाने अर्धा मिनिट. एकदम डोक्यावर बादली ओतू नका आणि चेहऱ्यासकट बुडी तर नकोच. गार पाण्याने अंगाला धक्का बसला की हृदय पळायला लागतं, तर चेहरा बुडाला की शरीर त्याला हळू हो म्हणतं. दोन उलटे हुकूम एकदम गेले की हृदयाची लय बिघडू शकते. हृदयविकार, न आवरलेला रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर हा नाद सोडा, निदान डॉक्टरांना विचारा. मधुमेहाने तळव्यांची जाणीव कमी झालेल्यांनी नवरात्रातही चपला घालाव्यात. काटा टोचलेला कळतच नाही आणि जखम चिघळते. देव समजून घेईल.

पाण्यात उतरण्याआधी किंवा पाण्यात असताना भराभर श्वास घेऊन तो रोखून धरण्याचे प्रकार तर कधीही नकोत. त्यात माणूस काही न जाणवता बेशुद्ध होतो आणि गुडघाभर पाण्यातही बुडतो. बाहेर आल्यावरही शरीराच्या आतलं तापमान काही वेळ घसरतच राहतं, म्हणून अंग पुसून कोरडे कपडे घाला. लगेच स्कूटरला किक मारू नका.

वजनं उचलणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. स्नायू वाढवायचे असतील तर व्यायामानंतर लगेच बर्फाच्या पाण्यात बसू नका. २०१५ साली आलेल्या एका अभ्यासात बारा आठवडे तसं करणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद, दोन्ही इतरांपेक्षा कमी वाढले. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची गोष्ट तीच, फक्त निरोप पुसायला इथे बर्फ.

आणि त्या दिवशी झोप झाली नसेल, ताप असेल, घरात आधीच काही जड चाललं असेल, तर गरम पाण्याने आंघोळ करा.

भाच्याचं पिंप फेब्रुवारीत खरंच पाणी साठवायला लागलं. त्याने बर्फ सोडला, पण आंघोळीच्या शेवटी गार पाणी घेतो, मोजून चाळीस सेकंद. बाथरूममधून आकडे ऐकू येतात. परवा त्याने आजीला विचारलं, "आजी, खरं सांग, तेव्हा एवढं गार पाणी घेतलंस, त्याचा पुढे काही उपयोग झाला?"

"झाला ना," आई म्हणाली. "घर बांधलं तेव्हा तुझ्या आजोबांना सांगितलं, देवघर नंतर करू, आधी गीझर."

सकाळी पावणेसहाला तो लागतो. पहिलं पाणी तिचं.